वरच्या वर्गांच्या ताटाचा हिशोब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शाळेतले मोफत गरम जेवण वरच्या वर्गांपर्यंत नेण्याचा तुझा आराखडा दोनदा वाचला. त्यातली तळमळ मला मनापासून भावली. मात्र खर्चाच्या पानावर तू आजच्या एका ताटाच्या दराला नव्या विद्यार्थ्यांच्या संख्येने गुणून मोकळा झाला आहेस आणि तो गुणाकार मला मान्य नाही.

मोठ्या मुलांची भूक लहानांच्या मापाने मोजता येत नाही. भारतातील मध्यान्ह भोजन योजना २००७-०८ पासून सहावी ते आठवीच्या वर्गांना लागू होऊ लागली. या योजनेत पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावीपासून पुढे १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. वर्ग थोडेच पुढचे, पण धान्य दीडपट. नववी-दहावीचा हिशोब करताना निदान या थोरल्या मापापासून तरी सुरुवात कर.

स्वयंपाकघराचा खर्च मात्र असा सरळ रेषेत चढत नाही. याच योजनेच्या निकषांत २५ विद्यार्थ्यांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, १०० पर्यंत दोन आणि त्यापुढे दर शंभरापर्यंतच्या वाढीला आणखी एक धरला आहे. नव्वदाचे शंभर झाले, तर माणूस वाढत नाही. १०१ वा विद्यार्थी आला, की एक पूर्ण मानधन वाढते. चुली, भांडी, साठवणीची खोली यांचेही तसेच आहे, म्हणून सरासरीवर विसंबू नकोस. एकेका शाळेचा पट समोर घे.

सर्वांत अवघड अंदाज जेवायला किती जण येतील याचा, आणि तिथे मी स्वतः चुकलो आहे. पहिल्या वर्षी मी पटावरची संपूर्ण संख्या धरली आणि पातेली अर्धी भरलेली परत आली, कारण मोठी मुले ‘आम्हाला नको’ म्हणत व्हरांड्यातच थांबत. मग आकडा खाली आणला, तर एके दिवशी रांगेतल्या शेवटच्या मुलीपाशी येईपर्यंत डाव पातेल्याचा तळ खरवडत होता. तिने काही न बोलता रिकामे ताट परत ठेवले. ते ताट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

व्हरांड्यात थांबणाऱ्या मुलांना भूक नसते असे नाही, त्यांना गरीब म्हणून ओळखले जाण्याची लाज वाटते. म्हणून फक्त गरजूंनाच जेवण देऊन पैसे वाचवण्याचा तुझा पर्याय मला पटत नाही. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेतले जेवण सरसकट मोफत आहे, उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांनाही ते मिळते. तिथे ताट हातात घेतल्याने कोणाची परिस्थिती उघड होत नाही. सरसकट योजनेचा आकडा मोठा दिसेल, तो तसाच लिही.

तक्ता पुन्हा मांडण्याआधी आठवडाभर मधल्या सुट्टीत वाढपाच्या जागी उभा राहा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला किती जण येतात, तेवढे मोजून मला कळव.

तुझा शुभचिंतक