वजन बरोबर, तरी एचएस-सीआरपी ४.६ : कॅप्सूल घेण्याआधी हे बघा

तुमचं वय ४४, वजन उंचीच्या मानाने बेताचं, साखर काठावर, आणि कंपनीच्या तपासणीत एचएस-सीआरपी (शरीरातली सूज, म्हणजे दाह, दाखवणारी रक्ततपासणी) ४.६ निघालं. मेव्हण्यांनी हळदीच्या कॅप्सूल सुचवल्यात, त्या घेऊ का, असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: कॅप्सूल नकोत. आधी तपासणी पुन्हा करा आणि सूज कुठून येतेय ते शोधा.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ हे रसायन यकृतापर्यंत पोचतं आणि सीआरपी चढतं. बिघाड कुठे आहे ते मात्र या आकड्यावरून कळत नाही. हृदयाच्या दृष्टीने १ च्या आत उत्तम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर धोका जास्त, असा ढोबळ हिशेब. साध्या सर्दी-तापानेही हा आकडा वाढतो, म्हणून दोनेक आठवड्यांनी, अगदी ठणठणीत असताना पुन्हा रक्त द्या.

वजन बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्यात हातपाय किडकिडीत आणि पोट सुटलेलं, अशी माणसं घरोघरी आहेत. पोटातली ही चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात, टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात, आणि ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. तुमची काठावरची साखर इथूनच आलेली असू शकते. टेप घ्या, श्वास सोडा, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा, बायकांसाठी ८०.

दुसरं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. हिरड्यांचा जुना आजार वर्षानुवर्षं न दुखता चालतो. तो साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. मधुमेहींमध्ये हिरड्यांखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) सरासरी ०.४ टक्के-अंकांच्या आसपास उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. मशेरी किंवा तंबाखू असेल तर ती आधी सुटायला हवी.

मला स्वतःला बरीच वर्षं आमवात आहे. सुरुवातीला सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता यायची नाही. सुजलेले सांधे दिसतात म्हणून लोकांना आजार कळतो, पण सूज तेवढ्यावर थांबत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असूनही माझं हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. कारण सूज असताना यकृत हेप्सिडिन हे लोह अडवून ठेवणारं संप्रेरक जास्त बनवतं, आणि शरीरात लोह असूनही ते रक्त तयार करायला मिळत नाही. आमवातावरचं औषध लागू पडलं तेव्हाच हिमोग्लोबिन सुधारलं.

सूज दाबली की हृदयाला फायदा होतो का, हे २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत तपासलं गेलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण होते. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. पण जीवघेणे संसर्गही थोडे वाढले. दाह ही आपली संरक्षणाची यंत्रणाही आहे, ती सरसकट बंद करता येत नाही.

म्हणूनच डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही दुखण्या-सुजेवरची औषधं मनाने रोज घेऊ नका. मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींना त्रास होतो. भाजीतली हळद खुशाल खा. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

दुसऱ्यांदाही आकडा ३ च्या वर आला, तर दोन्ही रिपोर्ट घेऊन फिजिशियनना भेटा. रात्री जोरात घोरणं, सकाळी तासभर बोटं आखडलेली राहणं, वारंवार जुलाब होणं, यातलं काही असेल तर त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. दातांच्या डॉक्टरांची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या.