प्रश्नोत्तरे : टाइमलाइनवर बिघडते ते नेमके कुठे?

या वेळच्या पत्रांत प्रत्येकाचे व्हिडिओ संकलनाचे सॉफ्टवेअर निराळे असले, तरी तक्रारी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवर, दिसणारा दोष मूळ फाइलमध्ये असतो, आपण केलेल्या एखाद्या कृतीत असतो किंवा तो केवळ पडद्यावरच्या प्रिव्ह्यूपुरता असतो. या तिन्हींपैकी त्याची जागा कोणती हे ठरवल्याशिवाय क्लिपला हात लावू नये, कारण चुकीच्या जागी केलेली दुरुस्ती पुढे मूळ दोषापेक्षा अधिक वेळ खाते.

प्रश्न : पाऊण तासाची मुलाखत मोबाइलवर चित्रित केली आणि आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीला ओठ आणि शब्द अचूक जुळतात, पण शेवटी आवाज सुमारे एक सेकंद मागे पडतो. शेवट जुळवला की सुरुवात बिघडते. काय करावे?

निदान आपल्या शेवटच्या वाक्यातच आहे. अंतर पहिल्यापासून अखेरपर्यंत सारखेच असते, तर क्लिप सरकवून काम भागले असते. ते हळूहळू वाढत जाते, याचा अर्थ दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालत आहेत. आता कोणते घड्याळ चुकते आहे, हे शोधायचे.

त्यासाठी मोबाइलने स्वतः टिपलेला आवाज टाइमलाइनवर घ्या, तो कितीही खराब असला तरी चालेल. रेकॉर्डरचा ट्रॅक बंद करून मुलाखतीची शेवटची दोन मिनिटे मोबाइलच्याच आवाजासह पाहा. हा आवाजही ओठांपासून सुटलेला दिसला, तर दोष व्हिडिओ फाइलमध्ये आहे. मोबाइलचा आवाज चित्राशी जुळला आणि फक्त रेकॉर्डरचाच सुटला, तर दोष रेकॉर्डरच्या घड्याळात आहे.

मोबाइल अनेकदा व्हेरिएबल फ्रेम रेटने चित्रण करतात, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या फ्रेमची (एकेका स्थिर चित्राची) संख्या बदलत राहते. सेटिंगमध्ये ३० फ्रेम लिहिलेले असले, तरी उजेड कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला की एखाद्या सेकंदात कमी फ्रेम टिपल्या जातात. टाइमलाइन मात्र ठराविक गतीने चालते आणि काही सॉफ्टवेअरना अशी अनियमित फाइल नीट मोजता येत नाही. संगणकाच्या पडद्याचे रेकॉर्डिंग केलेल्या फाइलींतही हाच प्रकार आढळतो. मीडियाइन्फो या मोफत साधनात फाइल उघडली, की फ्रेम रेटचा प्रकार स्थिर आहे की बदलता, हे लगेच कळते. तो बदलता असेल, तर हँडब्रेकसारख्या साधनाने फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतरित करा. रूपांतर करताना दराच्या जागी ‘मूळ फाइलप्रमाणे’ हा पर्याय न ठेवता २५ किंवा ३० असा निश्चित आकडा निवडा, आणि स्थिर दराचा पर्यायही आठवणीने लावा. नवी फाइल टाइमलाइनवर घेऊन मगच आवाज जुळवा.

हे काम संकलनाच्या आधी करणे उत्तम. निम्मे संकलन झाले असेल, तर प्रोजेक्टची प्रत काढून त्यातच मूळ क्लिपच्या जागी नवी फाइल जोडा आणि प्रत्येक कट पुन्हा तपासा, कारण दोन्ही फाइलींत तीच फ्रेम त्याच ठिकाणी असेल असे नाही. हे कंटाळवाणे आहे, पण याला आडवाट नाही.

दोष रेकॉर्डरचा ठरला, तर फरक बहुधा तासाला काही फ्रेमचाच असतो. म्हणून एक सेकंद ऐकताच माझा संशय मोबाइलच्या फाइलवर अधिक जातो. रेकॉर्डरच्या बाबतीत मी आवाजाची गती बदलण्यापेक्षा प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या शांततेत ट्रॅक कापून पुढचा भाग एखाददुसरी फ्रेम सरकवणे पसंत करतो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि शांततेत ती कोणाच्या लक्षात येत नाही.

जाता जाता एक खूण सांगतो. अंतर तासाला साडेतीन सेकंदांहून किंचित जास्त, म्हणजे नेमके ३.६ सेकंद वाढत असेल, तर कोणीतरी २९.९७ फ्रेमचे फुटेज ३० फ्रेमचे म्हणून वाचायला लावले आहे. अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचे मानक १९५३ साली ठरले, तेव्हा ३० चा दर हजारात एकाने घटवण्यात आला, आणि ती घट आजही आपल्या टाइमलाइनवर हिशेब मागते.

प्रश्न : दोन क्लिपमधली रिकामी जागा निवडून डिलीट दाबले, तरी ती बंद होत नाही. दुसऱ्या ठिकाणी ती बंद झाली, पण पुढची सर्व शीर्षके आणि संगीत जागचे हलले.

ही दोन्ही वर्तने एकाच नियमाची आहेत. रिपल डिलीट करताना, म्हणजे जागा काढून पुढचे सारे मागे ओढताना, सॉफ्टवेअर फक्त एक ट्रॅक नव्हे, तर एकत्र सरकण्यासाठी जोडलेले सर्व ट्रॅक डावीकडे ओढते. त्याच कालावधीत एखाद्या जोडलेल्या ट्रॅकवर संगीताची लांब क्लिप पसरलेली असेल, तर तिच्यावर घाला घातल्याशिवाय जागा बंद करता येत नाही, म्हणून प्रीमियर प्रोसारखे सॉफ्टवेअर काहीच करत नाही. त्या ट्रॅकचा सिंक लॉक (इतर ट्रॅकबरोबर सरकण्याची जोड) काढा, जागा बंद होईल. मात्र मग संगीत जागेवर राहील आणि चित्र डावीकडे सरकेल, हे ध्यानात ठेवा.

म्हणून आधी स्वतःला विचारा की या ट्रॅकने चित्राबरोबर चालायचे आहे की घड्याळाबरोबर. शीर्षके आणि संवाद चित्राबरोबर चालतात, त्यामुळे त्यांचा सिंक लॉक सुरू असावा. संगीत बहुतेक वेळा घड्याळाबरोबर चालते, त्यामुळे ते ढोबळ कापणी पूर्ण झाल्यानंतर टाकणेच शहाणपणाचे. काही जण भीतीने बाकीच्या सर्व ट्रॅकना कुलूप (सिंक लॉक नव्हे, ट्रॅक जागीच गोठवणारे लॉक) लावून ठेवतात. त्यातून कट सुरक्षित राहतो, पण कुलूप लावलेला ट्रॅक सरकत नसल्याने शीर्षके चुकीच्या वाक्यावर जाऊन बसतात.

फायनल कट प्रोमध्ये चित्र निराळे आहे. २०११ साली आलेल्या त्याच्या मॅग्नेटिक टाइमलाइनमध्ये वरची क्लिप खालच्या मुख्य क्लिपला जोडलेली असते, आणि मुख्य क्लिप काढली की जोडलेलीही जाते. संगीत अचानक नाहीसे झाले, तर ते कोणत्या क्लिपला जोडले होते ते आधी पाहा.

प्रश्न : डिसॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळवणारा जोड) लावताना ‘पुरेसा मीडिया नाही’ असा इशारा येतो. क्लिप तर चांगली लांब आहे.

लांबी टाइमलाइनवर दिसते ती नव्हे, कटच्या पलीकडे शिल्लक असलेली मोजायची. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर कटच्या मध्यावर बसणाऱ्या एका सेकंदाच्या डिसॉल्व्हला पहिल्या क्लिपच्या शेवटापुढे आणि दुसऱ्या क्लिपच्या सुरुवातीमागे सुमारे बारा-तेरा फ्रेम लागतात. आपण चित्रण पूर्णपणे वापरून टाकले असेल, तर ते कुठून आणणार? दोन्ही बाजू तेवढ्या छाटा किंवा डिसॉल्व्ह छोटा करा. पुढच्या वेळी बोलणे संपल्यावर कॅमेरा दोन-तीन सेकंद चालूच ठेवा.

प्रश्न : एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत एका जागी काळी झलक दिसते, टाइमलाइनवर मात्र काही सापडत नाही.

ती एका फ्रेमची फट आहे आणि टाइमलाइनचा झूम कमी केलेला असताना ती डोळ्यांना दिसत नाही. वर-खालच्या बाणांनी एका कटवरून पुढच्या कटवर उड्या घेत जा. प्लेहेड (चालू फ्रेम दाखवणारी रेघ) एकाच फ्रेमवर दोनदा थांबल्यासारखा वाटला की तिथे झूम करा. अशा फटी बहुधा स्नॅपिंग, म्हणजे क्लिप एकमेकींना आपोआप चिकटवणारी सोय, नकळत बंद झाल्याने पडतात. प्रीमियर प्रोमध्ये ‘एस’ आणि दाविंची रिझॉल्व्ह व फायनल कटमध्ये ‘एन’ ही एकच कळ स्नॅपिंग चालू-बंद करते, त्यामुळे ती चुकून दाबली जाणे अगदी सहज घडते.

प्रश्न : टाइमलाइन अडखळत चालते, पण एक्स्पोर्ट केलेला व्हिडिओ सुरळीत असतो. नवा संगणक घ्यावा का?

एक्स्पोर्ट सुरळीत आहे, म्हणजे संकलनात दोष नाही; संगणकाला एवढेच जमत नाही की फाइल तितक्याच वेगाने उलगडावी. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या प्रकारांत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, शेजारच्या फ्रेमपासून झालेला बदल तेवढाच नोंदवलेला असतो. त्यामुळे मधल्या एका फ्रेमवर थांबण्यासाठीही आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यातच ४के चित्रात फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात.

प्रथम प्रिव्ह्यूचे रिझोल्यूशन अर्धे किंवा पाव करा. तेवढ्याने भागले नाही, तर प्रॉक्सी तयार करा, म्हणजे कमी आकाराच्या आणि प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरसारख्या प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या प्रतींवर काम होईल आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलींतून होईल. इतके करूनही अडखळत असेल, तर इफेक्ट लावलेला भाग रेंडर करून, म्हणजे आधीच तयार करून साठवून, पाहा. संगणकाच्या खरेदीचा विचार त्यानंतर करावा.