गाडीवाल्यांचे प्रश्न: रेसिंगचं पेट्रोल घालू का?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी पेट्रोलवरच होती, आणि त्यातली बरीचशी ऑक्टेनवर. त्यामुळं टायर आणि बॅटरीवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न (राजारामपुरी): दादा, माझी यामाहा आर१५ व्ही४ हाय. आमच्या ग्रुपातला एकजण पुण्याला गेला की कॅनमधनं १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणतो आणि म्हणतो गाडी नुसती उडत्या. शिवाय ऑनलाईन बूस्टरची बाटली मिळत्या, टाकीत एक झाकण वतायचं. दोन्ही एकदम घातलं तर पॉवर किती वाढंल? आणि इंजिनाला काय व्हणार न्हाई न्हवं?

उत्तर: भावा, आधी सरळ सांगतो, पॉवर वाढणार नाही, दोन्ही एकदम घातलंस तर खिसा तेवढा दुप्पट हलका होईल. आता का ते बघ. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलात किती दम आहे ते नव्हे, तर दाब आणि उष्णता बसल्यावर ते आपोआप न पेटता किती तग धरतं त्याचं माप. आयसोऑक्टेन नावाच्या इंधनाला १०० धरलं, हेप्टेन नावाच्या दुसऱ्याला ०, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतंय त्यावरनं आकडा ठरतो, पंपावर ९५, ९७, १०० लिहिलेलं असतं ते हेच. इंजिनात ठिणगी पडली की आग प्लगपासून कडेकडं सरकत जाते, ती पोचायच्या आत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं तापून आपलं आपणच भडकलं तर त्याला नॉकिंग म्हणायचं. ते होत असेल तर जास्त ऑक्टेन हे औषध आहे. होतच नसेल तर तालमीची पायरी न चढणाऱ्याला पैलवानाचा खुराक चालू केल्यातला प्रकार.

तुझ्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११.६ ला १ आहे, स्प्लेंडरच्या ९.९ पेक्षा बरंच जास्त, हे खरं. पण कंपनीनं लिक्विड कूलिंग दिलंय आणि टायमिंग (ठिणगी कधी पडायची ती वेळ) बसवलंय ते इथल्या पंपावर मिळणारं साधं पेट्रोल धरूनच, ते काय आपल्याला पुण्याला कॅन घेऊन पळवायला बसलेले नाहीत. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढ, इंधनाच्या पानावर किमान ऑक्टेन लिहिलेलं असतं, त्याच्यावर गेलास की पुढचं सगळं हौसेचं. मोठ्या महागड्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, पेट्रोल चांगलं मिळालं की ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर टायमिंग पुढं घेतो आणि तिथं थोडाफार फरक जाणवतो. आपल्या बहुतेक छोट्या बाईकना तो सेन्सरच नसतो, मग टाकीत १०० आलंय का ९५ हे ईसीयूला कळणार कसं? शंभरचं पेट्रोल 'गरम जळतं' म्हणणारे भेटतील आणि 'हळू जळतं' म्हणणारेही भेटतील, दोघांनाही चहा पाजून सोडून दे.

इंडियन ऑइलचं एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं, पहिल्या टप्प्यातल्या दहा शहरांत पुणे आणि मुंबई होती, तेव्हापासनं ही कॅनची फॅशन आहे. दर साध्याच्या जवळपास दीडपट. वर कॅनमधनं आणायचं म्हणजे उन्हात प्लॅस्टिक फुगतं, झाकण उघडलं की हलका अंश उडून जातो, तोच अंश सकाळी गाडी पटकन चालू व्हायला लागतो. आणि एसटीत पेट्रोलचा कॅन चढवायचा नाही, हे मित्राला आत्ताच सांगून ठेव.

बूस्टरचं तर आणखी गमतीशीर आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात '३० पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं, बघणाऱ्याला वाटतं ९५ चं १२५ झालं. या धंद्यात १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन, म्हणजे वाढ झालीच तर ३, तीसुद्धा त्यांनी सांगितलेल्या मापात. ते माप बऱ्याचदा कारच्या ५० लिटरच्या टाकीचं असतं, तुझी टाकी ११ लिटरची, मग 'एक झाकण' म्हणजे नक्की किती? घालायचंच असेल तर मेडिकलमधली सिरिंज घेऊन मिली मोजून घाल. आत काय आहे तेही वाच. बऱ्याच बूस्टरमधे एमएमटी म्हणजे मँगनीजचं संयुग असतं, काहींत लोखंडाचं फेरोसीन. दोन्ही जळून संपत नाहीत, राख मागं ठेवतात. असं बूस्टर सतत पाजलेल्या गाडीचा प्लग काढून बघ, चांगल्या प्लगचं पोर्सेलीन फिकट बिस्किटी असतं, याचं विटकरी नारिंगी झालेलं असतं, गंज चढल्यागत. थर जाड झाला की ठिणगी फटीत पडायच्या ऐवजी थरावरनंच वाट काढते आणि गाडी वरच्या आरपीएमला मिस मारायला लागते. तोच थर बीएस६ गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरवर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो, आणि ते बदलायला लागले तर बिल बघून बूस्टरची बाटली फेकून मारावीशी वाटेल.

तरी ऑक्टेन वाढवायचंच असेल तर बूस्टरपेक्षा पंपावरचंच मिसळ, ९५ आणि १०० अर्धं अर्धं घातलं की साधारण ९७.५ मिळतं, इतका सरळ हिशोब आहे. आणि मित्राचं 'उडत्या' खरं का खोटं बघायचं असेल तर त्याला न सांगता टाकीत काय घातलंय ते तुम्ही ठरवा, एकच मोकळा रस्ता, एकच गिअर, ४० ते ७० ला किती सेकंद लागले ते मागं बसलेल्यानं मोबाईलवर मोजायचं. मग बोलू.

प्रश्न (उद्यमनगर): माझं गॅरेज हाय. गिऱ्हाईकाची आरएक्स १००, सिलेंडरचं हेड लेथवर घासून उतरवलंय, पोर्टिंग केलंय म्हंजे आतल्या वाटा मोठ्या केल्यात, एक्स्पान्शन चेंबर म्हंजे फुगीर सायलेन्सर लावलाय. फुल थ्रॉटलला खडखड करत्या. एकजण म्हणतोय शिसं असलेलं रेसिंग फ्युएल मिळवून देतो, न्हाईतर विमानाचं पेट्रोल. घालू का?

उत्तर: आजच्या पत्रांत ऑक्टेनची खरी गरज असलेली गाडी ही एकच आहे, आणि ती गरज तुम्हीच लेथवर तयार केली आहे, राग मानू नका. हेड उतरवलं की कॉम्प्रेशन चढतं, चेंबर लागला की वरच्या आरपीएमला सिलेंडरमधे माल जास्त भरतो, आणि टायमिंग मात्र जुनंच, मग खडखड होणार नाही तर काय होणार.

विमानाच्या पेट्रोलचा नाद सोडा. १००एलएल नावाचं जे असतं त्यात 'एल एल' म्हणजे कमी शिसं म्हणतात खरं, पण लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं त्यात, ते कमी कशाच्या मानानं ते त्यांनाच ठाऊक. आपल्याकडं रस्त्यावरच्या पेट्रोलातनं शिसं १ फेब्रुवारी २००० पासनं देशभर बंद झालंय ते उगाच नाही. आरएक्सला कन्व्हर्टर नाही, त्यामुळं गाडीचं फार बिघडणार नाही असं कुणी म्हणेल, पण बंद शेडमधे धुरात दिवसभर तुम्ही उभे राहणार, हाताला लागलेलं घरी नेणार, पोरंबाळं आहेत. आणि ते पेट्रोल असं बाहेर विकत मिळणं हाच मुळात दोन नंबरचा प्रकार.

रेसिंग फ्युएलबद्दल एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकना माहीत नसते. त्यातली काही इंधनं पॉवर देतात हे खरं, पण ती ऑक्टेनमुळं नाही, इंधनातच मुरलेल्या ऑक्सिजनमुळं. अशा इंधनाला मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, मोठा लागतो. जेट तोच ठेवून ओतलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, गाडी पाच मिनिटं अशी काय पळते की गिऱ्हाईक खूश, आणि मग पिस्टनला मधोमध भोक. ट्रॅकवर पोरं इंधन बदललं की जेटिंग परत करतात, प्लगचा रंग वाचतात, मग थ्रॉटल उघडतात. आपण रंकाळ्याला चक्कर मारायला तेवढं सगळं करणार आहोत का?

करायचं ते असं. हेड उघडा, पिस्टनच्या डोक्याची कड आणि हेडची कड बोटानं चाचपा. सॅंडपेपर मारल्यागत खरबरीत, बारीक टोचे पडलेले असतील तर नॉकिंग पक्कं. प्लगच्या पोर्सेलीनवर भिंगातनं बघा, मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसतील, ते कण म्हणजे तुमचा पिस्टनच आहे. मग जाडीचं गॅस्केट घालून कॉम्प्रेशन थोडं खाली आणा, टायमिंग जरासं मागं घ्या, प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) घाला, मेन जेट एक साइज वर. एवढं करून ९७ वर गाडी गप झाली तर गिऱ्हाईकाला तेच सांगा. आणि तो टॉप स्पीड गेला म्हणून कुरकुरला तर त्याला नवीन पिस्टन-बोअरचा दर ऐकवा.

प्रश्न (कागल): माझी स्कूटर आहे, ऑफिसला जाऊन येऊन वापर. हल्ली ॲव्हरेज कमी झालंय. पंपावरचा मुलगा दर वेळी प्रीमियम घाला म्हणतो, मिस्टर म्हणतात घाल, मी घालू का?

उत्तर: नको ताई, साधंच घाला. ॲव्हरेज उतरण्यात २० टक्के इथेनॉलचा थोडा हात आहे, इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा लिटरमागं साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. त्याहून जास्त उतरलं असेल तर दोष दुसरीकडं आहे, टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि मागचा ब्रेक घासतोय का तेवढं बघून घ्या. गंमत म्हणजे त्याच इथेनॉलनं ऑक्टेन मात्र वर नेलंय, इथेनॉलचं स्वतःचं १०८ च्या आसपास असल्यामुळं आताचं साधं पेट्रोल सरकारच्या म्हणण्यानुसार जवळपास ९५ ला पोचलंय, पूर्वी ९१ होतं. म्हणजे आपल्याच ऊसानं फुकटात बूस्टर घातलाय आणि आपण बाटलीला पैसे मोजतोय.

प्रश्न (शिवाजी पेठ): माझ्याकडे जुनी येझदी आणि जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे. आमच्या वेळचं शिसंवालं पेट्रोल या इंजिनांना मानवायचं, आताच्याने व्हॉल्व्ह खराब होतात असं ऐकतो. शिशाच्या बदली म्हणून बूस्टर घालावं काय?

उत्तर: काका, येझदीची काळजी तर आत्ताच सोडा, ती टू-स्ट्रोक, तिला व्हॉल्व्हच नाहीत तर खराब काय होणार. बुलेटचं तुम्ही ऐकलंय त्यात तथ्य आहे, शिसं व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकतो तिथं, पातळ थर धरायचं आणि सीट झिजायची नाही. पण शिसं जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, इतक्या वर्षांत तुमची गाडी चालतेय ना? सावकाश फिरवलेल्या गाडीला सीट झिजायचा धोका फारसा नसतो. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) परत परत कमी होत असेल तर मात्र सीट झिजतेय असं समजा आणि पुढच्या वेळी हेड उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, कायमचा प्रश्न मिटतो. कॉम्प्रेशन कमी असलेल्या या इंजिनांना जास्त ऑक्टेन लागतच नाही.

तुमच्या दोन्ही गाड्यांना खरा त्रास इथेनॉलचा आहे. जुनी रबरी नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरच्या सुईचं टोक हे फुगतं किंवा चिरतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी दोन महिने झाकून ठेवली की आत ओल धरते, पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळं बसतं, आणि कॉक तळातनंच घेतो. म्हणून जूनच्या आधी एकतर टाकी गळ्यापर्यंत भरा किंवा पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून घ्या. नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला, महाग नाहीत.

प्रश्न (गडहिंग्लज): पन्हाळ्याच्या चढाला डबलसीट असताना गाडी टकटक करत्या. १५० सीसी, आठ वर्सं जुनी. मित्र म्हणतो ऑक्टेन कमी पडतंय.

उत्तर: आधी ती टकटक ओळखा. उभ्या गाडीला, मोकळ्या आरपीएमलाही ऐकू येत असेल तर टॅपेट आहे. फक्त चढाला, वरच्या गिअरात थ्रॉटल पिळल्यावर डब्यात खडे हलवल्यागत आवाज आणि गिअर खाली घेतला की बंद, तर नॉकिंग. आठ वर्षांच्या गाडीत पेट्रोलाआधी कार्बनवर संशय घ्यायचा, पिस्टनवर थर चढला की जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं आणि थराचे तापलेले कोपरे मिश्रण वेळेआधी पेटवतात. डीकार्ब करून घ्या, म्हणजे तो थर काढून घ्या, प्लग कंपनीच्याच नंबरचा आहे का बघा. फ्री फ्लो सायलेन्सर लावला असेल तर मिश्रण लीन झालंय का तेही तपासायला सांगा. तोवर एक टाकी ९७ ची घालून त्याच चढावर बघायला हरकत नाही, आवाज गेला तर निदान तरी पक्कं होतं. आणि पन्हाळ्याला चौथ्यात चढायचा हट्ट कशाला, तिसरा टाका की.

प्रश्न (जयसिंगपूर): टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की पिकअप वाढतो, खरं काय?

उत्तर: जुन्या काळी पेट्रोलचं ऑक्टेनच इतकं कमी असायचं की नॅप्थलीननं थोडा फरक पडत असेल, आताच्या पेट्रोलात उपयोग शून्य. वर थंडीत ती विरघळलेली गोळी परत स्फटिक धरते आणि जेटमधे नाहीतर इंजेक्टरमधे बसते. शिवाय बाजारातल्या बऱ्याच गोळ्या आता नॅप्थलीनच्या नसतातच, क्लोरीन असलेल्या दुसऱ्या रसायनाच्या असतात, ते जळून आम्ल तयार होतं आणि सिलेंडर, सायलेन्सर खातं. टाकल्या असतील तर टाकी रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, कार्बोरेटर असेल तर जेट काढून हवा मारून घ्या. जेटात तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं.