पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन स्वतः बसवायचंय, कोणती हत्यारं घेऊ?

हॅमर ड्रिल, समतल बघायची दोन फुटी लेव्हल, मोजटेप, दोन क्लॅम्प आणि बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिमीचा बिट घ्या. कटर नको, प्लाय दुकानातूनच मापात कापून आणा. मी सुतारकाम करतो, त्यावरून सांगतो: पैसे लेव्हलवर घाला. स्वयंपाकघराची फरशी क्वचितच सपाट असते, म्हणून उंच कोपऱ्यापासून रेघ मारा, नाहीतर दारं एका रेषेत येत नाहीत. रविवार पेठेत बोहरी आळीत घेताना लेव्हल त्याच जागी टोकांची अदलाबदल करून ठेवा आणि बुडबुडा तिथंच येतो का ते बघा. मात्र प्लास्टर संपल्यावर भोकातून लाल भुकटीऐवजी मऊ, करडी भुकटी भसाभस आली, तर भिंत विटांची नाही, हलक्या सिमेंट ब्लॉकची (AAC) आहे. तिथं ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा आणि ब्लॉकसाठीचेच प्लग (भोकात स्क्रू पकडून ठेवणारी गुट्टी) वापरा, साधे प्लग भरलेल्या कपाटाच्या वजनानं निसटतात.