भरती झालास, आता हे पण वाच

बाळा,

लिस्टमध्ये तुझं नाव लागलं, तुझ्या आईनं पेढे आणून दिले, लई बरं वाटलं बघ. आता ट्रंकेत काय भरायचं, बूट कसे मऊ करायचे ते तुला पोरं सांगतीलच, मी दुसरंच सांगणार आहे. परवा रनिंगनंतर चहाच्या गाड्यावर तू विचारलंस ना, मेजर, युद्धात सैनिक बायकापोरांना मारतात ते खरं असतं का, आणि मी विषय बदलला. ते मला रात्रभर टोचत होतं.

खरं असतं. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय गाव. अमेरिकन सैन्याची चार्ली कंपनी नावाची तुकडी सकाळी साडेसातच्या सुमाराला उतरली. आधीच्या आठवड्यांत सुरुंगांनी त्यांची माणसं गेलेली, डोक्यात राग, आणि वरून सांगितलेलं की गावात आता फक्त शत्रूच उरलाय. गावातनं त्यांच्यावर एक गोळी सुटली नाही, तरी दुपारपर्यंत म्हातारी माणसं, बायका, तान्ही पोरं मारून टाकली. व्हिएतनामचा आकडा ५०४, अमेरिकन आर्मीचा स्वतःचा ३४७. आणि रिपोर्टमध्ये काय लिहिलं, तर १२८ शत्रू ठार! तो आकडा कुणीतरी लिहिला, कुणीतरी वर पाठवला, सह्या झाल्या, वर्षभर सगळं दाबून ठेवलं. मला सगळ्यात भीती त्या कागदाची वाटते रे. गोळी रागात सुटली असेल, कागद तर टेबलावर बसून शांतपणे लिहिला.

पण त्याच दिवशी ह्यू थॉम्प्सन नावाचा २४ वर्षांचा पायलट वरनं बघत होता. त्यानं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधे उतरवलं, आपल्या दोन साथीदारांना म्हणाला की यांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर तुम्ही यांच्यावर झाडा. मग लोकांना बाहेर काढलं, प्रेतांनी भरलेल्या चारीतनं एक जिवंत पोर उचललं. परत जाऊन सरळ तक्रार केली, त्यानंतरच गोळीबार थांबवायचा हुकूम निघाला. म्हणजे बोलल्यानं फरक पडतो, त्याच दिवशी पडतो. पुढं त्याला लोकांनी गद्दार म्हटलं, धमक्या आल्या, आणि मेडल मिळालं १९९८ मध्ये, ३० वर्षांनी. शिक्षा झाली त्या तुकडीतल्या एकट्या लेफ्टनंट कॅलीला, जन्मठेपेची, त्यातली साडेतीनेक वर्षं नजरकैदेत काढून सुटला. हे तुझ्यापासून लपवत नाही.

आणि रायडनआवर म्हणून एक सैनिक, तो तर तिथं नव्हताच, दोस्तांकडनं ऐकलं. एकाचं ऐकलं, मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं, आणि घरी आल्यावर मार्च १९६९ ला खासदारांना, पेंटागॉनला पत्रं लिहिली. तिथनं चौकशी सुरू झाली.

लांबचं वाटतं ना? आपल्या कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचं स्मारक आहे बघ. इथंच जवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडची सुमारे ५००० माणसं राहिली, बहुतेक बायकापोरंच. रशियानं घरातनं उचलून सैबेरियाकडं, कझाकस्तानकडं नेलेल्यांतली. तिकडं १९४० मध्ये रशियानं कातिनच्या जंगलात आणि इतर काही ठिकाणी त्यांचे जवळपास २२,००० अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून पुरलेले, आणि १९९० पर्यंत सांगत राहिला की ते जर्मनांनी केलं. जवळपास ५० वर्षं! कुणाची तरी बायको इथं पंचगंगेकाठी नवऱ्याच्या पत्राची वाट बघत बसली असेल, असं त्या स्मारकापाशी गेलं की मनात येतंच.

आता कामाचं. आर्मी ॲक्टच्या ४१ कलमात शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल, हा 'कायदेशीर' शब्द पाठ कर. निःशस्त्र माणसाला मार हा तसला हुकूम नाहीच. काही वावगं बघितलंस तर त्याच दिवशी सीनियरला सांग, तारीख, वेळ, जागा लिहून ठेव, दोस्तासाठी खोटी सही करू नको. दोस्ती जाईल, जाऊ दे.

मी एवढ्या अधिकारानं बोलतोय, पण माझं पण ऐक. एका पोस्टिंगला थंडीत एक म्हातारा हमाल रॉकेलचा कॅन पाठीवर घेऊन चढत होता, पाय घसरला, रॉकेल सांडलं, आणि आमच्यातल्या एकानं त्याला दोन कानाखाली ठेवून दिल्या. आम्ही सहाजण उभे. म्हाताऱ्यानं टोपी उचलली, झटकली, आमच्याकडं एकदा बघितलं आणि रिकामा कॅन परत पाठीवर घेतला. कुणी काही बोललं नाही, मी पण नाही. संध्याकाळी रॉकेल कमी का म्हणून विचारलं तेव्हा मीच रजिस्टरमध्ये लिहिलं, कॅन गळका होता.

शनिवारी निघायच्या आधी घरी येऊन जा. तुझ्यासाठी एक छोटी वही घेतलीय, खिशात बसेल अशी. पहिल्या पानावर मी त्या दिवसाचं सगळं लिहिलंय, सहाजणांत माझं नाव पहिलं. म्हाताऱ्याचं नाव लिहायची जागा कोरी आहे, मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तुझा,
मेजर