इतिहासाची पदवी नाही, तरी स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात स्वयंसेवक होता येईल का? काय करावं लागतं?

होता येईल. लहान संग्रहालयांना इतिहासकाराइतकाच ठरलेल्या वारी न चुकता येणारा माणूस हवा असतो.

पाहुण्यांना दालनं दाखवणं हा कामाचा दिसणारा भाग. खरा ढीग मागच्या खोलीत असतो: लोकांनी आणून दिलेली पत्रं, वह्या, फोटो, अवजारं. प्रत्येक वस्तूला दाखल-क्रमांक द्यायचा. एक रूढ पद्धत अशी की २०२३.१४.३ म्हणजे २०२३ साली आलेल्या चौदाव्या संचातली तिसरी वस्तू. हा क्रमांक हरवला, की वस्तू कुणी दिली, कुठून आली, कशासाठी वापरत होते, सगळ्याचा धागा तुटतो. काम कंटाळवाणं आहे खरं, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच.

पेन बाहेर ठेवा, नोंदी पेन्सिलीनेच. धातू आणि फोटो हाताळताना नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे घालतात. जुना कागद मात्र बहुतेक वेळा स्वच्छ, कोरड्या हातांनीच. सिनेमातले ते पांढरे सुती मोजे घातले की बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं! कागद-कापडावरचा प्रकाश साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) म्हणजे मंद ठेवतात, त्यामुळे दालनं अंधारी वाटतील.

गप्पांची आवड असेल तर वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम मागून घ्या. आधी त्यांची लेखी संमती घ्यायची.

अर्जात 'काहीही करेन' लिहू नका. कुठला वार, किती तास आणि टायपिंग, फोटोग्राफी, जुनी हस्ताक्षरं वाचणं यातलं काय येतं, ते लिहा.