टेस्टला क्लास ‘दिसत नाही’ की ‘सापडत नाही’?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात, टेस्टला क्लास दिसून नाही राहिला. बगच्या नोंदीत मी ते सुधारून “सापडत नाही” असं लिहितो. बरोबर काय?’

मॉड्यूल (आपल्यातलं काय बाहेर दाखवायचं ते जाहीर करणारे कोडचे गट्ठे) असलेल्या जावा प्रोजेक्टबद्दल बोलत असाल तर तुमचे सहकारी बरोबर आहेत. ‘दिसून राहिला’ ही नागपूरकडची चालू काळाची रीत. प्रमाण लेखनात हवं तर ‘दिसत नाही’ करा, पण क्रियापद बदलू नका.

सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ येईपर्यंत फक्त क्लासपाथ होता, म्हणजे फोल्डर आणि जार (क्लास एकत्र बांधलेली फाइल) यांची यादी. जावा ती क्रमाने धुंडाळते. क्लास एकतर सापडतो, नाहीतर क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन ही एरर येते. तिथे ‘सापडत नाही’ चोख बसतं, आणि इलाज बहुधा पॉममध्ये, म्हणजे मेव्हन या बिल्ड टूलच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये असतो: डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी लायब्ररी, नोंदवायची राहिली.

जावा ९ ने आणलेल्या मॉड्यूलपाथवर (मॉड्यूल शोधायच्या यादीवर) मात्र जार जागेवर असते, क्लास तिच्यात असतो, तरी एरर येते. कंपायलर स्वतःच म्हणतो ‘पॅकेज इज नॉट व्हिजिबल’, आणि कारणही देतो: तुमच्या मॉड्यूलने समोरचं मॉड्यूल ‘रिक्वायर्स’ केलेलं नाही, किंवा समोरच्याने ते पॅकेज (क्लासचा गट) ‘एक्सपोर्ट्स’ केलेलं नाही. हा इलाज मॉड्यूल-इन्फोत, म्हणजे मॉड्यूलच्या या घोषणा असलेल्या फाइलीत. नोंदीत ‘सापडत नाही’ वाचलेला माणूस उगाच पॉम उपसत बसतो.

तिसऱ्या प्रकाराला मी ‘हात लावता येत नाही’ म्हणेन. क्लास सापडला, दिसलाही, पण रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या आत डोकावून) त्याच्या प्रायव्हेट फील्डपर्यंत जाता येत नाही. तिथे इनअॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन येते आणि मॉड्यूल-इन्फोत ते पॅकेज उघडणारं ‘ओपन्स’ लागतं. टेस्टमध्ये हे फार चकवतं. मुख्य कोडमध्ये मॉड्यूल-इन्फो असेल तर मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन शुअरफायर टेस्टचे क्लास ‘पॅच-मॉड्यूल’ने त्याच मॉड्यूलमध्ये घालतं आणि टेस्ट असलेली पॅकेजेस उघडून देतं. म्हणून जेयुनिट या टेस्ट लायब्ररीचं काम अडत नाही. पण ज्या पॅकेजमध्ये एकही टेस्ट नाही, तिथल्या ऑब्जेक्टचं जॅक्सन या लायब्ररीने जेसन (डेटाचा मजकूर) करायला घेतलं की अडू शकतं.

शुअरफायरचं ‘युजमॉड्यूलपाथ’ हे सेटिंग फॉल्स केलं की सगळं क्लासपाथवर जातं, मॉड्यूल-इन्फोकडे कुणी बघत नाही आणि या कारणाने अडलेल्या टेस्ट हिरव्या (पास) होतात. अशा वेळी नोंदीत ‘दुरुस्त केलं’ लिहू नये. ‘मॉड्यूलपाथ बंद करून चालवलं’ असं लिहावं.